उलट्या चाकाचं बेरिंग

ती गाडी मी साडूंकडून घेतली आणि नवव्या दिवशी तिच्या मागच्या अंगाला आवाज येऊ लागला. ‘येऊ लागला’ असं मी आज लिहितो. तेव्हा मात्र म्हणत होतो की आवाज आधीपासून होताच, मला तो नवव्या दिवशी ऐकू आला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गुलमंडीत त्यांचं भावाभावांचं कापडाचं दुकान, राहायला छावणीत. आम्ही सिडकोत. बायकोचे आईवडील दोघंही गेलेले, भाऊ नाही. तिचं माहेर म्हणजे छावणीतलं ते घर, एवढंच उरलेलं. दिवाळीनंतर दोन दिवस ती तिथं जायची. आजारी पडली तर ताई डबा घेऊन रिक्षानं यायच्या. मी साडूंकडून गाडी घेऊ नये असं तिचं स्पष्ट मत होतं.

“घरातल्या घरात वस्तू घेऊ नये,” ती म्हणाली होती. “वस्तू बिघडली की माणसंही बिघडतात.”

मी म्हटलं, ओळखीच्या माणसाची गाडी असली म्हणजे तिचा इतिहास तरी खरा कळतो.

इतिहास मी रीतसर विचारला होता. मी पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पातळ्यांच्या नोंदी ठेवतो. मोजपट्टीवर दिसेल ते लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली अट. साडूंना मी तीन प्रश्न विचारले. गाडी किती चालली? एकसष्ट हजार चारशे किलोमीटर. किती हातांतून गेली? एकाच. कुठं ठोकली होती का? या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मान फिरवली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “काय?” मी पुन्हा विचारलं. “नाही बुवा, कुठंच नाही,” ते म्हणाले.

ते मान फिरवणं माझ्या लक्षात राहिलं.

आवाज असा होता. सरळ रस्त्यावर तीसच्या खाली काही नाही. चाळीसला मागून अगदी बारीक घूं घूं. पण गाडी डावीकडे वळवली की तीच घूं घूं एकदम जाड व्हायची, कुणीतरी मागे बसून जात्यावर दळतंय अशी. उजवीकडे वळलो की जवळजवळ नाहीशी. मी वहीत रकाने आखले: तारीख, किलोमीटर, वेग, वळण, टायरमधली हवा, गाडीत माणसं किती. अकरा दिवसांत सतरा नोंदी झाल्या. सतरांपैकी पंधरा वेळा डावं वळण आणि मोठा आवाज यांचा मेळ बसला. उरलेल्या दोन वेळा मागून ट्रक हॉर्न देत होता, म्हणून त्या मी बाद केल्या.

नोंदी ठेवता ठेवता गाडीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेचा रंग बाकीच्या पांढऱ्यापेक्षा एक छटा पिवळट. मागची दोन्ही टायरं वेगवेगळ्या कंपनीची. डिकीतल्या गालिच्याखाली एक स्क्रू नवा, चकचकीत, बाकीचे गंजलेले. एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. पण तीन गोष्टी, चौथा आवाज आणि पाचवं ते मान फिरवणं. डाव्या बाजूनं गाडी ठोकलेली आहे आणि ती आपल्या गळ्यात मारली आहे, हे माझ्या मनानं घेतलं.

बायकोला मी फक्त आवाजाचं सांगितलं. पण ती माझ्याबरोबर बावीस वर्षं राहिलेली आहे.

“वहीत दाजींचं नाव लिहिलंय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग लिहूही नका.”

त्या महिन्यात एका कामासाठी मला एकट्याला खुलताबादला जावं लागलं. परत येताना घाट उतरलो, दौलताबादच्या पायथ्याशी गॅरेजची एक टपरी दिसली, तिथं थांबलो. मिस्त्री पन्नाशीचा, त्याच गावचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यानं गाडीला हातही लावला नाही. शेजारी बसला, मला किल्ल्यापर्यंत जाऊन परत यायला लावलं आणि वाटेत डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला.

“डाव्या अंगाला वळताना बोलतंय, व्हय ना?”

“हो.”

“मंग उलट्या चाकाचं बेरिंग गेलंय. मागलं. माझ्यापाशी नाय मिळायचं, शहरात टाकून घ्या. लई दिवस ठिवू नका.”

गाडीतच मी वहीत लिहिलं: ‘मागचे उलटे चाक, बेरिंग.’ घरी येऊन ती नोंद शाईनं पक्की करताना ‘उलटे’ खोडलं आणि ‘डावे’ लिहिलं. आमच्या शहरात जो लहानाचा मोठा झाला त्याला हे सांगावं लागत नाही. सायकलचं पंक्चर असो की रिक्षाचा पत्ता, सीधा हाथ म्हणजे उजवा, उलटा हाथ म्हणजे डावा. शाळेच्या वाटेवर आम्ही मराठी पोरंही असंच बोलायचो. शिवाय ‘डावे’ हा शब्द माझ्या संशयाला नेमका लागू पडत होता. पिवळट रंगही डाव्याच बाजूला होता.

बेरिंग टाकायला मी मुद्दाम साडूंच्या नेहमीच्या उस्तादाकडे गेलो. छावणीच्या नाक्याजवळ त्याचं गॅरेज, गाडी घेतल्यापासून साडू त्याच्याचकडे आणायचे. दुसरीकडे जाता आलं असतं. पण ही गाडी ज्यानं आधी उघडून पाहिली असेल त्याचा चेहरा मला बघायचा होता.

उस्तादानं गाडी ओळखली. “सेठजी ने दे डाली क्या तुम कू? अच्छी गाडी है.”

“आवाज येतो,” मी म्हटलं. “उल्टे हाथ का पिछला बेरिंग गया है. बदल डालो.”

त्यानं डावं मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं आतल्या स्प्रिंगवर ठेवली आणि मान तिरकी करून उभा राहिला. पुन्हा फिरवलं.

“साब, ये तो चुप है. इस में कुछ नहीं.”

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. सेठजींची गाडी, सेठजींचा उस्ताद, आणि म्हणे काही नाही.

“तरी बदला,” मी म्हटलं.

“सीधे हाथ का देखूं क्या? एक मिनट का काम है.”

“नको. जेवढं सांगितलं तेवढंच करा.”

त्यानं बेरिंग बदललं. मी मागितलं म्हणून जुनं बेरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलं. गॅरेजमधून निघालो, पहिल्याच डाव्या वळणावर मागून तेच जातं फिरलं.

घरी येऊन मी जुनं बेरिंग रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि बोटात धरून फिरवलं. लोण्यासारखं फिरलं, ना खरखर, ना अडखळ. बेरिंग चांगलं होतं, म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे, असा सरळ अर्थ मला सुचायला हवा होता. मला सुचलं ते असं: हे आपल्या गाडीचं नव्हेच. उस्तादानं आतलं तसंच ठेवलं, हातात भलतंच दिलं आणि संध्याकाळी छावणीत जाऊन सांगितलं असणार की तुमच्या साडूला संशय आलाय.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी मोडायची थांबवली.

“तुम्ही दाजींना विचारणार?”

“विचारणार नाही. नोंदी दाखवणार.”

“वही नेऊ नका. गाडी नेऊन दाखवा पाहिजे तर. मीही येते.” मग म्हणाली, “तिथं मला पुन्हा जाता येईल असं काहीतरी ठेवा, एवढंच म्हणणं आहे.”

रविवारी सकाळी आम्ही गेलो. वही मी नेली, पण खिशात ठेवली. ताईंनी पोहे केले होते. साडू दिवाणावर नेहमीच्या जागी बसले होते, भिंतीला उजवा खांदा लावून. पोहे खाताना मी म्हटलं, “गाडीचा मागून आवाज येतो. तुमच्याकडे असताना येत होता का?”

पुन्हा तेच झालं. मान फिरवली. “काय म्हणालात?”

“आवाज. वळताना.”

“छे. मी तर कधी ऐकला नाही.”

“चला ना मग,” ताई म्हणाल्या. “चक्कर मारून येऊ. मलाही बाहेर पडायला मिळेल, ह्यांनी गाडी विकल्यापासून मी छावणी सोडलेली नाही. तेव्हा तरी ह्यांच्या शेजारी बसून मला फक्त ह्यांचं घोरणं ऐकू यायचं, जागेपणीचं.”

साडूंनीच चालवायला घेतली. ती माझी इच्छा. मी त्यांच्या शेजारी, बायको माझ्या मागे, ताई साडूंच्या मागे. दौलताबादच्या रस्त्याला लागलो. ताई बहिणीला सांगत होत्या की दुकानात आता सगळ्या पोरी तयार कपडेच मागतात, मीटरवर कापड कोणी घेत नाही. गाडी पन्नासला होती. रस्ता डावीकडे लांब वळला आणि आवाज सुरू झाला.

“हा,” मी म्हटलं. “ऐका.”

“अगं बाई,” मागून ताई म्हणाल्या. “हा तर माझ्या खालून येतोय. बुडाला मुंग्या आल्या.”

ताई बसल्या होत्या उजवीकडे. हे मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. पण माझे डोळे साडूंच्या चेहऱ्यावर होते. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. रस्त्याकडे पाहत ते शांतपणे गाडी चालवत होते.

“येतोय का?” ते म्हणाले. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

मी म्हटलं, “ऐकू येत नाही, का ऐकायचं नाही?”

हे मी थट्टेच्या सुरात म्हटलं नाही आणि कुणी तसं घेतलंही नाही. पुढं मी आणखीही बोललो. ठोकलेली गाडी, पिवळट रंग, तुमचाच उस्ताद, भलतंच बेरिंग. वही खिशातून काढली नाही, पण तिच्यातलं सगळं बोलून दाखवलं. साडू मध्येच “काय?” म्हणाले. मी आवाज चढवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मागून ताई म्हणाल्या, “ह्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही.”

मी मागे वळून पाहिलं.

“दोन वर्षं झाली. डाव्यानंही कमीच. दुकानात कळलं तर दीर म्हणतील, तुम्ही आता मागं गोदामात बसा. म्हणून कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला तो हात दिसला.

हे मात्र साडूंना ऐकू गेलं असावं. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, उतरले आणि माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, “तुम्ही चालवा.”

ते माझ्या जागी बसले. मी गाडी वळवली आणि छावणीपर्यंत आणली. प्रत्येक डाव्या वळणावर ताईंच्या खालचं चाक तेवढं बोलत होतं.

त्यांच्या दारात गाडी थांबल्यावर साडू उतरले. “गाडी कुठं ठोकलेली नाही,” ते म्हणाले. “परत द्यायची असली तर किल्ली ठेवून जा.” आत गेले. ताई बहिणीला “ये हं” म्हणाल्या, पण आत बोलावलं नाही.

परतीच्या वाटेवर बायको मागेच बसून राहिली.

सोमवारी मी उस्तादाकडे गेलो. हात पुसत तो बाहेर आला.

“उजवं बघा,” मी म्हटलं. “सीधे हाथ का.”

त्यानं चाक उचललं, फिरवलं, स्प्रिंगवर बोटं ठेवली, मग माझा हात धरून माझी बोटं तिथं ठेवली. चाळणीतून खडे ओतावेत तसं काहीतरी आत खरखरत होतं.

“मैं उसी दिन पूछा था ना साब, सीधे हाथ का देखूं क्या.”

“पण आवाज तर डावीकडे वळताना येतो.”

“तो? डावीकडं मुडे तो गाडी का सारा वजन सीधे हाथ पे आता. जो चाक पे वजन, वो चाक चिल्लाता. हमेशा उलट्या बाजूचं.”

उलट्या बाजूचं. हे त्यानं मराठीत म्हटलं, आणि दौलताबादच्या मिस्त्रीनंही मराठीतच म्हटलं होतं. त्याच्या गावात उलटं म्हणजे उलट, विरुद्ध. डावीकडे वळताना बोललं तर उजवं चाक. मी शहरात वाढलो म्हणून ते शहरी कानानं ऐकलं आणि वहीत ‘डावे’ करून टाकलं. ज्या नोंदीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता ती एकच नोंद मी मोजपट्टीवर पाहून लिहिलेली नव्हती. ‘माणसं किती’ हा रकाना मी सतरा वेळा भरला होता. माणूस कुठं बसलंय, हा रकाना नव्हता. गाडीत बहुतेक वेळा मी एकटा, कधी बायको पुढे. मागे उजवीकडे कोणी बसलंच नव्हतं, ताई बसेपर्यंत.

उजवं बेरिंग बदललं आणि आवाज गेला. त्या पिवळट रंगाचं आणि नव्या स्क्रूचं कारण मला आजही माहीत नाही. उस्तादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “साब, पुरानी गाडी है, तुम्हारे भी तो बाल एक तरफ से ज्यादा पके हैं.”

पण घरात शांतता झाली. ताईंचा फोन येईना. बायको दोनदा रिक्षानं छावणीला गेली आणि दोन्ही वेळा तासाभरात परत आली. एरवी ती पोहोचायलाच उशीर झाला म्हणून रागवणाऱ्या ताई आता नुसता चहा देऊन “बस ना” म्हणायच्या, एवढंच. मी गाडीनं सोडतो म्हटलं तर बायको नको म्हणायची.

पाचव्या आठवड्यात ताईंचा फोन आला, तो माझ्यासाठी. कानाचे एक चांगले डॉक्टर सिडकोत बसतात. ह्यांना न्यायचंय. दुकानातल्या कुणाला बरोबर नेता येत नाही, कारण कुणाला माहीत नाही. हे माहीत असलेलं बाहेरचं माणूस एकच, मी.

मी साडूंना आणायला गेलो. ते पुढे माझ्या शेजारी बसले. मी जुन्या शहरातून गाडी काढली. मग क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बोललो. चूक माझी होती, तुमच्यावर आणि उस्तादावर उगाच आळ घेतला, शब्द मी चुकीचा ऐकला, मला माफ करा. बोलताना मी समोरच्या लाल दिव्याकडे पाहत होतो. साडू काही बोलले नाहीत. दिवा हिरवा झाल्यावर म्हणाले, “चला, मागचे हॉर्न देतायत.”

डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं. साडूंना परत सोडलं, घरी आलो.

“बोललात का दाजींशी?” बायकोनं विचारलं.

“बोललो.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही.”

तिनं थोडा विचार केला. “कुठं बसले होते?”

“पुढं. माझ्या शेजारी.”

“म्हणजे तुमच्याकडं कुठला कान?”

ते डावीकडे, मी उजवीकडे.

“मग परत सांगून या,” ती म्हणाली. “मीही येते.”

रविवारी आम्ही दोघं गेलो. ती ताईंच्या मागे स्वयंपाकघरात गेली. साडू दिवाणावर भिंतीशी बसले होते. मी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि सिग्नलला जे बोललो होतो तेच सगळं, न गाळता, पुन्हा बोललो. त्यांनी मान फिरवली नाही.

“गाडीतच ऐकलं होतं मी,” ते म्हणाले.

खरं की मला हलकं वाटावं म्हणून, हे मला ठरवता आलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो तर म्हणाले, “बघू नका असं. वही आणलीय का?”

“नाही.”

“बरं झालं.”

आतून दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज आला, बराच वेळ चाललेला.

“कशाला हसताहेत?” मी विचारलं.

“मला विचारताय?” साडू म्हणाले.